निळीची पुडी आणि तुझं मशीन

आई, तुझं धुण्याचं मशीन चालू झालं. आधी ही बातमी, बाकीचं सावकाश सांगते. तू गेल्यावर दादानं ते गोठ्याच्या पडवीत नेऊन ठेवलं होतं. काही वर्षं त्यात कांद्याचं बी राहिलं, मग रिकामी पोती, आणि या फेब्रुवारीत मी पिंपरी पेंढारला गेले तर वहिनीची खुडूक कोंबडी त्यात अंड्यांवर बसलेली. दादा म्हणाला, "उद्या भंगारवाला येतोय. तेवढीच जागा व्हईल." मी म्हटलं, "कोंबडीला विचारलंस का?" तो हसला. मी मात्र म्हटलं, मशीन मी नेते आणि एप्रिलातल्या जयंतीच्या आत चालू करून परत आणते. "येडी झालीस का? अवसरीला मेस चालवती का भंगाराचं दुकान?" असं तो म्हणत राहिला, पण टेम्पोत चढवायला हातही त्यानंच लावला. कोंबडीनं उठताना मला टोचून घेतलं ते वेगळं.

तू ते आणलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. आळेफाट्याच्या दवाखान्यात तू आया होतीस, दिवसभर तिथल्या चादरी हातानं धुवायचीस. डॉक्टरीणबाईंनी घरी नवीन मशीन घेतलं आणि जुनं तुला दिलं. कांद्याच्या गाडीत पोत्यांमध्ये तू त्याला कवेत धरून बसलेली, पदर वाऱ्यानं उडालेला, तोंडभर हसू. पांढरा पत्रा, तळाला फिरणारी चकती, वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ आणि फिरवायचा दांडा. अख्खी वस्ती बघायला आली. आता धुणं सुटलं म्हणून मी नाचले, आणि दुसऱ्याच दिवशी तू मला बादली देऊन विहिरीवर पिटाळलंस. "आन मशीन?" "ते जयंतीच्या साड्यांना. तुला हात हायेत ना?" म्हणजे घरचं मळकं हातानं, आणि जयंतीला विहारात नेसून जायच्या, वस्तीतल्या सगळ्या बायांच्या पांढऱ्या साड्या मशीनमध्ये. लई राग यायचा मला तुझा. रोज परक्यांच्या चादरी धुणाऱ्या बाईला एक दिवस आपल्या माणसांचं काही धुवून द्यायचं होतं, एवढं कळायला मला स्वतःची मेस काढावी लागली.

आणि मग ते पहिलं वर्ष. जयंतीचा आदला दिवस, दुपार. मशीन अंगणात, बाया पायरीवर बसल्यात, सगळ्यांचे डोळे तुझ्याकडं. हातानं धुताना तू नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून शेवटच्या पाण्यात फिरवायचीस. पण आज तुला वाटतं, मशीन सगळं आपलं आपण करतंय, तर निळीचंही तेच बघेल. साबणासोबतच तू निळीची पुडी साड्यांवर उलटी करतेस, बटण दाबतेस, चकती दोन गिरक्या घेते आणि लाईट जाते. येईल आता, म्हणून सगळ्या चहा पीत बसतात. लाईट येते तेव्हा ऊन कललेलं असतं, आणि साड्या बाहेर निघतात त्या निळ्या. कुठं फिक्या, कुठं गडद. आपण दोघी पाण्यावर पाणी बदलतो, निळं काही हटत नाही. तू पदर तोंडाला लावून मटकन खाली बसतेस. तेव्हा वस्तीतली सगळ्यात थोरली, जिला आपण सगळे आत्याच म्हणायचो, ती उठते, आपली साडी झटकून खांद्यावर टाकते. "रडती कशाला गं? निळाच तर रंग हाये आपला. झेंडा काय पांढरा व्हता व्हय?" दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत आपल्या वस्तीच्या बाया अशा दिसत होत्या की बाहेरगावचे पावणे विचारत होते, सगळ्यांनी ठरवून घेतल्या का म्हणून.

पण तू ते मनावरून काढलं नाहीस. पुढं कितीतरी जयंत्या झाल्या, साड्या बगळ्यासारख्या पांढऱ्या निघाल्या, तरी देताना प्रत्येकीला म्हणायचीस, "मागं माझ्याकडनं लई वंगाळ झालं व्हतं बाई, पोटात घाला." शेवटच्या आजारात आत्या भेटायला आली तर तिलाही तेच. "आगं, आता तरी सोड की," ती म्हणाली. मला तेव्हा सांगायचं होतं की माझ्या लहानपणातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. राहून गेलं. म्हणून तर मी या मशीनच्या मागं लागले.

आळेफाट्याला शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारे एक भाऊ आहेत. त्यांनी आधी हातच जोडले. "ताई, नवीन घ्या. हे म्हातारं झालंय." मी म्हटलं, "म्हातारी मीही होत चाललीय, मला कुणी बदलून देतंय का?" मग मोटार भरली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या, जुळता पट्टा पिठाच्या गिरणीवाल्याकडं मिळाला, तडकलेल्या रुळांवर त्यांनी कुठूनसं नवीन रबर चढवून आणलं. मेसमधली दुपारची जेवणं उरकली की मी एसटीनं जायची आणि स्टुलावर बसून गंज घासायची. तळाची चकती गच्च बसली होती. डिझेल सोडून सोडून ती एकदाची सुटली, तर तिच्या खालच्या बाजूला निळं कडं. इतक्या वर्षांनी, आई. भाऊ म्हणाले, "ॲसिडनं जाईल हे, कोरं करून देतो." मी म्हटलं, हात लावू नका. माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी चकती हळूच खाली ठेवली आणि चहा सांगितला.

जयंतीच्या आदल्या दिवशी मशीन पुन्हा आपल्या अंगणात लावलं. आता घरोघरी मशीन आहेत, कोण कशाला साड्या आणतंय? माझी एक आणि वहिनीची एक. चकती घुरघुरायला लागली तसा दादा गोठ्यातून बाहेर आला आणि खांबाला टेकून ऐकत राहिला. साड्या निघाल्या त्या निळ्या. वहिनीनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "हात घसरला गं, पुडी सांडली सगळी." दादा म्हणाला, "आईवरच गेलीय," आणि उपरण्यानं डोळे पुसले. वहिनी कुरकुरली, पण नेसली. विहाराच्या रस्त्यावर आत्याची सून भेटली, आता तीच आत्याएवढी म्हातारी दिसते. माझा पदर हातात घेऊन तिनं कितीतरी वेळ पाहिला. "तुझ्या आईचं मशीन चालू झालं व्हय?" म्हणाली. "पुढल्या साली माझी बी साडी घे. अशीच पायजे."

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, घडी करून मशीनच्या मागं सारीन. तिकडं कुणी बघत नाही, झाडायलासुद्धा. वहिनीला अजून वाटतंय की पुडी सांडली. सांडली नव्हती, आई. मी ओतली.