खडकावरची काळी माती

३ ऑगस्ट १९९६
तंबूत चौथा दिवस. मी स्वयंपाकाला आलेली, तरी माती तपासायला आलेल्या टोवेबाईंनी हातात फावडं दिलंच! तीन बाजूंनी हिमनदी, चौथीकडे खाडी, मध्ये ही बोडकी टेकडी. खडक हाताने चुरतो — जाड साखरेसारखा. बाई म्हणतात, याची बोटभर माती व्हायला इथे हजारो वर्षं लागतात. मी म्हटलं, "मग घाई कसली? आधी जेवून घ्या."

५ ऑगस्ट
वारा. सीलचं सूप. बाईंनी दोनदा घेतलं.

६ ऑगस्ट
माथ्याखाली, दगडांच्या आडोशाला हिरवा डाग! दारच्या पायपुसण्याहून थोडा मोठा. दाट गवत, खाली काळीभोर माती, नखांत अडकणारी. बाई गुडघ्यांवर बसल्या, माती हुंगली.
"इथे काहीतरी कुजलंय. दहा-पंधरा वर्षं झाली असतील."
"पक्षी?"
"छे. मोठं काहीतरी."
मी किटली खाली ठेवली. बाईंना पाविआचं ठाऊक नाही. माझा नवरा बारा वर्षांपूर्वी याच खाडीत रेनडियरच्या शिकारीला आला. ना तो परतला, ना त्याची होडी.

७ ऑगस्ट
तोबियास कॉफी आणि पाव घेऊन आला. बोलायचं नव्हतं, पण भावापासून काय लपतं!
"वेडी की काय ताई! दाजी तिकडे समुद्रापार आल्बोर्ग शहरात मजेत आहेत. आपल्या गावच्या येन्सने डोळ्यांनी पाहिलं ना — शेजारी ही एवढी जाड बाई!"
बारा वर्षं मी हेच धरून बसले. त्याचे फोटो जाळले. गावात कुणी नाव काढलं तर थुंकले. आणि आता मनात येतं — तो इथेच असू दे. त्या मातीत. म्हणजे नवरा मेलेला हवाय मला? कसली बाई मी?

८ ऑगस्ट
बाईंना म्हटलं, तिथे खणू नका. जेवताना म्हटलं, आजच खणा! शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी माझी ताटली पुढे सरकवली. "उद्या, दोघी मिळून."

९ ऑगस्ट
हाडं निघाली. मी डोळे मिटून उभी. बाई ओरडल्या, "शिंग आहे! रेनडियर!"
हायसं वाटलं. लगेच संताप आला — म्हणजे तो आहेच तिकडे, त्या जाड बाईशेजारी! मग रडू आलं. कशाचं, ते मात्र कळेना. पाऊस आला, खणणं अर्धंच राहिलं.

१० ऑगस्ट
जनावर आपोआप मेलेलं नव्हतं. हाडं दगडांखाली नीट रचलेली, पायांना निळी दोरी. शिकारी हिवाळ्यासाठी मांस झाकून ठेवतात, मागाहून घरी नेतात, तसंच. कोपऱ्यात जीभ ठेवायची पिशवी वेगळी, नारिंगी तंबूच्या कापडाची. शिवण माझी, पाविआला करून दिलेली.
जीभ तो माझ्यासाठीच राखायचा.
घरी आणायचं होतं त्याला हे.