मुलांना खायला घालू नये

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही. आजपासून रोज लिहिणार. कारण मुलं आली! परवा, मनीलाहून. मारिवेल, वय नऊ. तिचा भाऊ जेपॉय, वय सहा. मी आणि मेरिनने सहा वर्षं वाट पाहिली. त्यांची खोली इतकी आधी रंगवली होती की मध्ये एकदा पुन्हा रंगवावी लागली.

कायद्याने अजून ती आमची नाहीत. सहा महिने चाचणी. ओल्गा नावाची सोशल वर्कर तीनदा घरी येणार, तीन रिपोर्ट लिहिणार. रिपोर्ट चांगले आले की कोर्टाचा शिक्का. वाईट आले तर... वाईट येणार नाहीत. कौन्सिलमध्ये सतरा वर्षं रेंजर आहे मी. मोकाट कुत्री, रस्त्यावर आलेल्या मेंढ्या, जेटीवरचे सीगल, सगळं खातं माझं. घाबरलेला जीव कसा हाताळायचा हे डेन्झिल ट्रेलोरला कुणी शिकवू नये.

दोघंही मला सर म्हणतात. विमानप्रवासाचा शीण असणार. आठवड्याभरात डॅड.

५ फेब्रुवारी, बुधवार

दत्तक-पालकांच्या ट्रेनिंगच्या नोट्स पुन्हा वाचल्या. मुख्य नियम: पहिले सहा महिने मुलांना खायला घालणं, जवळ घेणं, खरचटलं तर पट्टी लावणं, हे फक्त आईवडिलांनी करायचं. म्हणजे आपलं माणूस कोण हे मुलांच्या मनात पक्कं होतं. फार आवडला मला हा नियम.

मेरिन म्हणाली, अरे, तो जरा बेताने घ्यायचा असतो. मी म्हणालो, बेताने घेतला तर तो नियम कसला?

सीगलचं हेच झालं. येईल-जाईल त्याने चिप्स टाकल्या. आता ते कुणाचेच नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कौन्सिलच्या मशीनवर नोटिसा छापल्या. चाळीस. लॅमिनेट करून. जेटीवरच्या बोर्डाचाच मजकूर घेतला, फक्त 'पक्ष्यांना'च्या जागी 'या मुलांना'. 'कृपया या मुलांना खायला घालू नये. हुकमावरून.' खाली दोघांची नावं, आणि शंका असल्यास विचारायला ओल्गाचा नंबर. शाळेचं फाटक, औषधांचं दुकान, फुटबॉल क्लब, चर्च, आणि शेजारच्या कोरालीचं कुंपण, सगळीकडे लावल्या.

दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन. जरा चढ्या आवाजात. नोटिशीवर सीगलचं चित्र तसंच राहिलं म्हणे. मान्य, घाईत राहिलं. पण तेवढ्यावरून फाटकावरची नोटीस काढून टाकायची? शेवटी मी तासभर बसून राहिल्यावर त्यांनी ती परत लावली आणि लिहून दिलं, शाळेतलं कुणी या दोघांना खाऊ देणार नाही आणि हात लावणार नाही. एकूण दिवस यशस्वी.

१० फेब्रुवारी, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. जेपॉयचा डबा मी स्वतः भरला. चीज सँडविच, सफरचंद. परत आला तेव्हा चाटूनपुसून रिकामा! मुलगा माझ्या हातचं खातो. मेरिनला तीनदा सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला मात्र चार घास. सवयीचा प्रश्न.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कोरालीला कुंपणावरून पास्टी देताना रंगेहाथ पकडलं. मोठ्या करंजीसारखी, बटाटा-खिमा भरलेली, दोन्ही हातांत धरावी लागेल एवढी. जप्त केली. (वाया जाऊ नये म्हणून खाल्ली. चांगली होती.)

कोराली ७९ वर्षांची आहे, पण तोंड तिखट. म्हणाली, डेन्झिल, तू एवढासा होतास तेव्हा याच कुंपणावरून तुला चारलंय मी. पळवून नेलं का तुला तुझ्या आईकडून? मुद्दा विषयाला सोडून होता.

मुलं तिला लोला म्हणतात. त्यांच्याकडे आजीला म्हणतात ते. तिचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात. अठरा दिवसांत ती आजी, आणि मी सर. असू दे. आदर आधी, मग प्रेम.

१२ मार्च, बुधवार

शाळेतून फोन. जेपॉय पडला, गुडघा फुटला, पट्टी लावायला या. नियम पाळताहेत, शाबास! कौन्सिलची गाडी काढली, पिवळा दिवा लावला, अकरा मिनिटांत पोचलो. जेपॉय बाकावर, शिक्षिका दोन हात लांब उभी. तोवर मारिवेलने आपला मोजा ओला करून जखम पुसली होती आणि त्याच मोज्याने बांधूनही टाकली होती. मी खिशातून पट्टी काढली तर जेपॉयने गुडघा पोटाशी घेतला.

मोज्यावरूनच पट्टी लावली.

२८ मार्च, शुक्रवार

ओल्गा आली. पहिला रिपोर्ट. जेपॉयला विचारलं, तुला जेवायला कोण देतं? त्याने मारिवेलकडे बघितलं. लाजला. त्याच्या वतीने मी उत्तर दिलं. ओल्गाने पुष्कळ लिहून घेतलं. चांगलं लक्षण.

जाताना म्हणाली, डेन्झिल, जरा ढील दे. सगळ्यांनाच म्हणत असेल.

५ एप्रिल, शनिवार

फुटबॉल क्लबात मॅच. अध्यक्षांनी जेपॉयपुढे सॉसेज धरलं. मी धावत जाऊन मध्ये हात घातला. सॉसेज अध्यक्षांच्या शर्टावर. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, तुझी पोरं आहेत की संरक्षित प्राणी? लोक हसले. मेरिन गाडीत जाऊन बसली.

मोठं काही करणाऱ्याला लोक हसतातच.

२२ एप्रिल, मंगळवार

ईस्टरच्या सुट्टीत दोघं मेरिनला मम म्हणायला लागली. आधी काल मारिवेल, आज जेपॉय. अगदी सहज, काही समारंभ नाही. मला आनंद झाला. फारच आनंद झाला. गॅरेजमध्ये जाऊन जरा वेळ बसलो.

६ मे, मंगळवार. दुपारी ४.१५

दुपारी साडेतीनलाच घरी आलो. स्वयंपाकघरात काय बघतो? पातेल्यात भात. मारिवेल हाताने भात कालवून, छोटा गोळा करून, आधी जरा स्वतः चाखून, फुंकर मारून जेपॉयच्या तोंडात घालतेय. आणि तो खातोय! गपागपा! समोर मेरिन बसलेली. ती पण हातानेच जेवत होती.

हे रोज चालतं म्हणे. फेब्रुवारीपासून. मला पत्ताच नाही.

मेरिन म्हणाली, तिथे अनाथाश्रमात तीन वर्षं तिनेच सांभाळलंय त्याला. तिने चाखलं नाही तर तो खात नाही. बहीण आहे ती त्याची, डेन्झिल. मी म्हणालो, नियमात आई आणि वडील लिहिलंय. बहीण लिहिलेलं नाही.

मारिवेलला समोर बसवलं आणि नीट समजावलं. जेपॉयला भरवायचं काम आता डॅडचं. नियम मोडला तर रिपोर्ट बिघडेल. रिपोर्ट बिघडला तर तुम्हाला परत जावं लागेल. लगेच समजलं तिला. येस सर म्हणाली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. इतकं शहाणं मूल मी पाहिलं नाही.

उद्यापासून आठवडाभर रजा टाकलीय. सगळी जेवणं मी भरवणार.

७ मे, बुधवार

जेपॉय जेवला नाही. पहिलाच दिवस.

८ मे, गुरुवार

जेवला नाही. हवा बदलतेय, आपल्याकडे मे म्हणजे थंडीची सुरुवात, भूक मंदावते. पण डबा रिकामा आहे, तेव्हा काळजी नाही.

९ मे, शुक्रवार

शिक्षिकेचा फोन. वर्गातल्या कूपरची आई तक्रार करतेय, मुलगा घरी जेवत नाही. चौकशी केली तर कळलं, कूपर पहिल्या दिवसापासून जेपॉयचा डबा खातोय. रोज. सफरचंदासकट.

म्हणजे माझ्या हातचं त्याने आजवर काहीच खाल्लं नाही. तीन महिने मी कूपरला पोसलं.

१० मे, शनिवार

पाच पदार्थ केले. चमच्याचं विमान केलं. सायरनचा आवाज काढला. जेपॉयने तोंड मिटून घेतलं, डोळ्यांतून पाणी, आणि मग अगदी हळू, सॉरी सर. मारिवेल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हात पाठीमागे. ती पण जेवली नाही.

मेरिन ओरडली, बस कर! तिला भरवू दे! मी म्हणालो, तीनच महिने राहिलेत. ती म्हणाली, पोरगं राहील का तीन महिने?

इथे खरं लिहितो, कुणी वाचणार नाही. भरवणार मारिवेल, मेरिन मम, कोराली लोला. मग मी कोण? घरात येऊन-जाऊन असलेला एक रेंजर? सहा वर्षं मी रोज त्या रिकाम्या खोलीचं दार उघडून बघायचो. मला फक्त एक घास द्यायचा होता.

११ मे, रविवार. मदर्स डे

हरलो. सकाळी मारिवेलला म्हणालो, बरं, भरव त्याला. ती जागची हलली नाही. नो सर. म्हटलं, अगं मी सांगतोय. नो सर. नियम आहे, सर.

तिला वाटलं मी परीक्षा घेतोय.

मेरिनने जवळ घेऊन विनवलं. पोरीने मानेनेच नाही म्हटलं. जेपॉय तिच्याकडे बघून तोंड उघडत होता. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला ते बघवेना.

१२ मे, सोमवार

डॉक्टर. दोन किलो उतरला. सलाइन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही बदल झालाय का? मेरिन माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, हवा.

१३ मे, मंगळवार. संध्याकाळी

दुपारी ओल्गा दारात. न कळवता. मारिवेलने शाळेच्या ऑफिसमधून तिला फोन केला होता. नंबर कुठून मिळवला? माझ्याच नोटिशीवर खाली होता.

मारिवेल फोनवर काय म्हणाली ते ओल्गाने स्वयंपाकघरात उभं राहून मला शब्दशः सांगितलं. मॅडम, मी नियम पाळतेय. पण जेपॉय जेवत नाही. मी इथे आहे म्हणून तो सरांकडून घेत नाही. मला एकटीला परत पाठवा. मग तो घेईल. त्याला परत नका पाठवू, इथे खोली छान आहे.

मी खुर्ची ओढून बसलो.

ओल्गाने मारिवेलला सांगितलं, कुणी कुठे जाणार नाही. तू भरव. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, सर, लिहून द्याल?

गाडी काढली. ऑफिस बंद झालं होतं, किल्ली माझ्याकडे होती. छापलं: 'मारिवेल हिने जेपॉय याला हवं तेव्हा, हवं ते, हवं तितकं भरवावं. तिला कधीही, कुठेही परत पाठवलं जाणार नाही. हुकमावरून.' सही. कौन्सिलचा शिक्का. मशीनमध्ये एक कोपरा दुमडला. लॅमिनेट केलं. या वेळी सीगलचं चित्र काढून टाकायला विसरलो नाही.

तिने दोनदा वाचलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग हात धुतले आणि भात कालवला. जेपॉय दोन ताटल्या जेवला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच झोपला. मेरिन सिंकपाशी उभी राहून रडली.

मी एकोणचाळीस नोटिसा काढायला बाहेर पडलो. कोरालीने आपल्या कुंपणावरची आधीच काढली होती. त्या नोटिशीवर ती पास्टी गार करायला ठेवते.

३० मे, शुक्रवार

ओल्गाचा दुसरा रिपोर्ट. मला काही विचारलं नाही. मीही कुणाच्या वतीने उत्तर दिलं नाही. जेवणाच्या वेळी मी काय करायचं ते तिने सांगितलं: टेबलाशी बसायचं, आपलं जेवायचं. बस्स. सोपं वाटतं. आज रात्री केलं, घामाघूम झालो.

१७ जून, मंगळवार

बसलो. जेवलो. कुणाला काही वाढलं नाही. जेपॉयने मीठ मागितलं, हात निघाला होता, मांडीखाली दाबला.

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ११

सहा महिने पूर्ण. शेवटचा रिपोर्ट आला. मुलं आमच्याकडेच राहणार, कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात. मेरिनने मला मिठी मारली. मग मी रिपोर्ट स्वतः वाचला. अख्ख्या कागदात माझ्याबद्दल एकच ओळ आहे. 'मुलं घरात आणि शाळेत चांगली रुळली आहेत. आई रुळली आहे. वडिलांना रुळायला अजून थोडा वेळ द्यावा.'

मारिवेलने मेरिनकडून शेवटची ओळ समजून घेतली. थोडा विचार केला. जेपॉयच्या कानात काहीतरी बोलली, त्यानेही विचार केला. मग दोघं माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

हरकत नाही, सर, ती म्हणाली. आम्ही थांबू.

मी थँक यू म्हणालो.