भिंतीवरची काळी मुलगी

१४ मार्च १९९६, पांडेसरा

गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात शाळेच्या रस्त्यावरच्या भिंतीवर एका दुकानदारासाठी मीच रंगवली. डावीकडे काळी, रडवेली मुलगी. उजवीकडे तीच, गोरी होऊन हसणारी.

आज वस्तीतल्या बायकांनी त्या दुकानदाराला भिंतीपाशीच धरलं. "काळी म्हणजे रडकी का हो?" तो म्हणाला, "बेन, जाहिरात तो ऐसीच होती है." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली मान घालून ब्रश धूत राहिलो. दुकानदारानं दिलेल्या नमुन्यातला चेहरा पुसट होता, म्हणून डावीकडचे डोळे मी माझ्या मुलीचे, सुनंदाचे काढलेत. पुसलं तर पुढचं काम मिळणार नाही. ठेवलं तर रोज तेच डोळे.

जेवताना सुनंदानं विचारलंच, "पप्पा, ती मीच ना?"

"नाही गं."

"मीच आहे. पण मी कुठे रडते?"