पडदानशीन बाईला फोटो माफ

अम्मा, मागच्या आठवड्यात सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीतली गाठ तपासताना विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" मी सरळ "नाही" म्हणाले. माझी लेक शेजारीच उभी होती. तिला वाटतं तिची नानी तापानं गेली, कारण मीच तसं सांगत आलेय. एवढं वय झालं तरी खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही. घरी आल्यापासून मात्र तुम्ही डोक्यातून जात नाही. आपण घरात दखनी बोलायचो, पण माझी शाळा मधेच उर्दूची मराठी झाली आणि पुढं मी जन्मभर मराठीच शिकवली, म्हणून हे मराठीत लिहितेय. तुम्हाला यातलं काहीच वाचता येत नव्हतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तुमच्या काखेजवळची गाठ बोराएवढी होती ती लिंबाएवढी झाली होती. सोलापूरच्या इस्पितळात तीन महिन्यांनंतरचा नंबर मिळाला, आणि कापणारे डॉक्टर पुरुष. तुम्ही त्यांना हातही लावू देणार नव्हता. तेवढ्यात कराचीहून मामूंचं पत्र आलं. मामी तिथं इस्पितळात नर्स होती. ऑपरेशन बाईच करते, आल्यावर आठवड्याभरात करून देऊ, पैसा लागणार नाही, फक्त पासपोर्ट आणि व्हिसा करून या, असं त्यांनी लिहिलं होतं. ते मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही दोनदा वाचायला लावलंत. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "भाभी, इचार कसला करताव? जावा की! दोन म्हयन्यात माघारी याल." तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी हसलात.

पण माझं लग्न ठरलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, आणि मला तो फार आवडला होता, हे आता सांगायला काय हरकत आहे. त्याची आई येऊन मला एकटीला गाठून म्हणाली, "तेरी अम्मा पाकिस्तान गई तो पुलीस पूछने आती. हमारे बच्चे की सरकारी नौकरी है. हमना ये रिश्ता जमता नै." पोलीस ॲक्शनला दहा वर्षंही झाली नव्हती. त्या बाईची भीती खोटी नव्हती. मी ते कुणाला सांगितलं नाही.

अब्बांबरोबर मी कोर्टासमोरच्या अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाकडं पासपोर्टचा फॉर्म आणायला गेले. अब्बा चहा सांगायला समोर गेले, तेव्हा तो मला म्हणाला, "पडदानशीन बाईला फोटो माफ असतो, बाई. अंगठा चालतो." मी मान डोलावली.

घरी तुम्ही भाकरी थापत होता, एकाच हातानं. दुसरा हात उचलत नव्हता. मी परातीसमोर बसते, फॉर्म मांडीवर ठेवते, आणि म्हणते, "अम्मा, फोटो लागतोय. स्टुडिओत जाऊन, बुरखा काढून. फोटोवाला पुरुष आहे. मग तो फोटो किती साहेब बघतील कुणास ठाऊक." तुमचा हात पिठातच थांबतो. तुम्ही माझ्याकडं बघता. मला वाटतं, आता म्हणतील, काढू या फोटो. मग काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं.

"नक्को बेटी," तुम्ही म्हणालात. "गैर मर्द के सामने मूँ खोलनेका? उससे ये दर्दच अच्छा."

अब्बांनी खूप समजावलं. मीही त्यांच्यासमोर समजावल्यासारखं केलं. मामूंना उत्तर मीच लिहिलं, की अम्माच नको म्हणतात. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. तुमची शरम मला पक्की ठाऊक होती, आणि मी नेमकं तिथंच बोट ठेवलं. पुढं त्याच दुखऱ्या हातानं तुम्ही माझ्या लग्नाच्या ओढणीला जरीचा गोटा लावत बसायचा. मी म्हणायचे, "राहू द्या अम्मा." तुम्ही रागवायचा, "चुप बैठ. एकच बेटी है मेरी." सोलापूरचा नंबर आला तेव्हा तुम्हाला उठून बसवत नव्हतं.

हे पत्र मी लेकीला दाखवणार नाही. दाखवायला हवं, तिच्या जिवाचा प्रश्न आहे. डॉक्टरीणबाईंना उद्या खरं काय ते फोनवर सांगेन, लेकीलाही तपासून घ्यायला लावेन, पण फोटोचं कुणाला सांगायचं धाडस माझ्यात नाही.

आणि एक राहिलं. तुम्ही गेलात त्या सकाळी आत बायका तुम्हाला आंघोळ घालत होत्या. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "रड माय, रडून घे." मी रडतच होते, मनापासून रडत होते. आणि रडता रडता पदराआड बोटांवर दिवस मोजत होते. तुमच्या दुखवट्याचा चाळिसावा दिवस लग्नाच्या तारखेच्या चार दिवस आधी येत होता. तारीख हलवावी लागणार नव्हती. मला हायसं वाटलं, अम्मा.