यारीचा कोपरा

मुरगाव बंदर, गोवा
११ एप्रिल २००१, बुधवार

प्रिय मल्हारी,

तुझ्या आबांना आणि रतनकाकूंना माझा सलाम सांग. मी बरा आहे, जेवणखाण ठीक चाललंय, मासे खाऊन खाऊन कंटाळा आलाय. तुझं पत्र अब्बांनी पुढं पाठवलं होतं, ते काल जहाज बंदराला लागल्यावर हातात पडलं. तुझं अक्षर काही सुधारलं नाही. मुंगळे शाईतून पळाल्यासारखं दिसतं.

उद्या सकाळी सहाला पुन्हा निघायचंय. चाळीस दिवस पाण्यावर. त्या दिवसांत ना पत्र, ना फोन. म्हणून आजच लिहायला बसलोय.

तू विचारलंस, समुद्राच्या तळाशी नक्की असतं काय? नववीच्या भूगोलातली आकृती आठव. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान. तू ती झकास काढायचास, मी तुझ्या वहीतून उतरवायचो आणि चुकली की छडी मात्र मला. ते सगळं खरं निघालं बघ. किनारा सुटला की बराच वेळ जमीन पाण्याखाली हळूहळू उतरत राहते. शिरूरहून दौंडला जाताना रस्ता उतरतोय हे कळत नाही, तसंच. मग एकदम उतार लागतो आणि आमचे आकडे धडाधड वाढायला लागतात. शेवटी साडेतीन किलोमीटर पाण्याखाली सपाट मैदान येतं, नजर पोचली असती तर दिवसभर चालूनही संपलं नसतं असं.

मोजायची रीत सोपी आहे. जहाजाच्या पोटातून खाली आवाज सोडायचा. तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली निघते. सुई कागदावर काळी रेघ ओढत जाते आणि ती बघत बसणं हे माझं काम. आमच्या साहेबांना मी एकदा सांगितलं, की आमच्याकडं विहीर परसात मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. ते हसले आणि म्हणाले, तुझ्या हिशोबानं इथं सतराशे माणसं एकावर एक उभी करावी लागतील.

गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली, ती सांगतो. नकाशावर सगळं सपाट होतं. मी रेघ बघत होतो, ती वर चढायला लागली. तीन हजार मीटर, मग बावीसशे, मग चौदाशे. मला वाटलं मशीन बिघडलं. पण तो डोंगर होता मल्हारी. पाण्याखाली दोन किलोमीटर उंच, आणि वर पाणी असं शांत की कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. सगळे खूश झाले, साहेबांनी चहा मागवला. मी चहा न घेता डेकवर निघून गेलो.

साहेबांना मी विचारलं, हा आजवर कुणाला दिसला कसा नाही? ते म्हणाले, जुन्या जहाजानं डोंगराच्या अलीकडं एकदा मोजलं, पलीकडं एकदा मोजलं. दोन्हीकडं खोल लागलं, म्हणून मधलंही खोलच असणार असं समजून सपाट लिहून टाकलं. "जिथं मोजलं नाही तिथं काही लिहायचं नाही," असं ते त्या दिवशी आम्हा सगळ्यांना दोनदा म्हणाले. मला ते माझ्याकडं बघून म्हणाल्यासारखं वाटलं. खरं तर ते कागदाकडं बघत होते.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडं येतो. मघापासून मी तीच टाळतोय.

तू लिहिलंस, कालव्याला पाणी आलंय, तुझ्या पूनमताईचा धाकटा मागच्या दिवाळीत कालव्यात वाहून जाता जाता वाचला, म्हणून परीक्षा संपल्या की तिची दोन्ही पोरं पाठीला डबा बांधून तुमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला उतरवायची. आबा आठ वर्षं त्या विहिरीत कुणाला पाय घालू देत नव्हते. तू त्यांना समजावलंस. म्हणालास, विहिरीचा दोष नव्हता, माझा सूर वाकडा गेला. आणि आबा शेवटी म्हणाले, व्हय, शाकीरनं मोजलेली हाय, साडेतीन परस.

एवढं मी कालपासून दहादा वाचलंय.

त्र्याण्णवचा मे आठव. आदल्या पावसाळ्यात विहिरीची जांभळीकडची कड ढासळली होती. सगळे म्हणाले, दगड तळाला गेला. तरी आबांनी मला सांगितलं, तू इब्राहिमचा पोरगा, एकदा मोजून बघ. मी दोराला पाटा बांधला आणि सोडला. कुठं सोडला? यारीच्या कोपऱ्यात. अब्बा सगळ्या विहिरी तिथंच मोजायचे. खोदताना गाळ-दगडाची बादली यारीच्या दोरानं ओढून तिथूनच वर येते, खोली तिथंच धरायची, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. अब्बांनी शंभर विहिरी तशा मोजल्या असतील. मी पण तसंच केलं. दोर वर ओढला आणि मोठ्यानं ओरडलो, "साडेतीन परस, बिनघोर मार सूर." तू समोरून, जांभळीकडून मारलास.

पाठीचा कणा मोडलेला तुला पुण्याच्या दवाखान्यात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मळ्यात कुणीच नव्हतं. मी एकटा विहिरीत उतरलो. पाणी हिरवं, हातभर खालचं दिसत नव्हतं. जांभळीखाली पोहत गेलो आणि गुडघा आपटला. ढासळलेली शिळा तळाला गेलेलीच नव्हती, मधेच अडकून बसली होती, खाटेएवढी रुंद. मी तिच्यावर उभा राहिलो. पाणी माझ्या छातीला लागत होतं, मल्हारी. छातीला.

मी वर आलो, कपडे घातले आणि दौंडला फरहतआपाच्या सासरी निघून गेलो. आपानं विचारलं तर ताप आला म्हणालो. आठ दिवसांनी गावी परतलो, तवर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की मल्हारीचा सूर वाकडा गेला. आबा मला जवळ घेऊन रडले. मी गप्प बसलो. अब्बांचं नाव जाईल, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण इतकंच की मी भित्रा होतो. पुढं नोकरीसाठी मी समुद्र धरला, तेव्हा गावाला वाटलं पोरगं धाडसी निघालं.

पत्राला कारेगावात पोचायला सहा दिवस लागतात, कधी दहा. परीक्षा त्याआधीच संपल्या असतील तर? गावात फोन करायचा तर तुझ्याच एसटीडी बूथवर. आज दुपारपासून तीनदा लावला. तीनदा तू उचललास. "हॅलो, कोण बोलतंय?" मागं कंपनीतला कुणीतरी हिंदीत घरच्यांशी बोलत होता, तुझ्या चाकांच्या खुर्चीचं एक चाक करकरत होतं. तीनदा मी ठेवून दिला. हे सगळं मी त्यानंतर लिहितोय. पत्र इथंच थांबवतो आणि पुन्हा फोनवर जातो. या वेळी ठेवणार नाही.

*

संध्याकाळचे सात.

तू उचललास आणि मी एका दमात सांगून टाकलं, आधी शिळेचं, मग दोराचं, मग दौंडचं. पोरांना जांभळीकडं उतरवू नका, आधी शिळा फोडून काढा, अब्बांना बोलवा, असं काय काय बोलत राहिलो. मी थांबलो तेव्हा तू फक्त विचारलंस, "किती खाली हाय?" मी म्हणालो, छातीएवढं.

तुझ्या खुर्चीचं चाक एकदा करकरलं. मला वाटलं, शिव्या देशील, आबांना हाक मारशील, काहीही चाललं असतं. आणि तू म्हणालास,

"म्हंजी सूर सरळच व्हता माझा."

तू पुन्हा म्हणालास, हळू, स्वतःशीच, "आठ वर्षं मी रोज तो सूर मारून बघतोय शाकीर. खाटंवर पडल्या पडल्या. कुठं वाकडा गेला ते सापडंना." आणि तूच फोन ठेवलास. ठेवण्याआधी एवढं म्हणालास, की पोरांचं बघतो, आत्ताच आबांना सांगतो.

आबा काय म्हणाले ते मला चाळीस दिवस कळणार नाही. परत आल्यावर मी बंदरावरून थेट दौंडची गाडी धरीन आणि तिथून तुमच्या दारात येईन. आबांनी उंबऱ्याबाहेर उभं केलं तर तिथं उभा राहीन. यारीच्या कोपऱ्यापासून जांभळीपर्यंत हात-हातावर दोर सोडून सबंध विहीर मोजीन आणि मगच काय ते बोलेन.

फोनवर तुला उत्तर देता आलं नाही, ते इथं लिहून देतो. आबांना दाखव, पूनमताईला दाखव, बूथवर काचेला चिकटवलंस तरी चालेल.

मल्हारीचा सूर सरळ होता. वाकडी गेली ती माझी मोजणी.

साडेतीन परस म्हणून ओरडलेला,
शाकीर इब्राहिम