रेषेपलीकडे गेलेली आग

आमगाव, ता. २९ मार्च १९५४

चि. शालीकरामास दुलीचंदचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, प्रेमिला सासरी रमली. तुझी वहिनी अजून सांगत असते, का पोरीच्या लग्नात काका राबला नसता तर वरातीनं आपली फजितीच केली असती. बुंदी वाढता वाढता किती खाल्लीस, तेही सांगत असते.

आता ज्यासाठी लिहितो ते. परवाच्या बाजारात मी सुपारी घेत होतो आणि कान मागच्या दुकानात होते. तिथं दोघं बोलून राहिले होते, का सालेकशाकडे सागाची सरकारी लागवड जळाली, आणि तिथला जंगलखात्याचा नाकेदार तेंदूपानवाल्या दुलीचंदचा भाऊ आहे. आग फिरून गेली का तेंदूला विडीजोगं मऊ पान फुटते, मग काडी कोणी लावली हे विचारायचं तरी कायले, असं म्हणून हसले. मीही हसलो. सुपारी तिथंच ठेवून घरी आलो.

दहा वर्षं डोक्यावर पानांचे बोद वाहून मी इथवर आलो. जळल्या जागेवरचं पान कसं असते हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून माझ्या एकेका माणसाला समोर बसवून विचारलं. त्यांच्यापैकी कोणी नाही. तेव्हा तू सरळ लिही, झालं काय? आणि उलट टपाली लिही.

मुलांना पापा. आमची आठवण काढत जा.

तुझा दादा,
दुलीचंद

सालेकसा, ता. २ एप्रिल १९५४

ती. दादांस शालीकरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावले. बाजारवाल्यांना बोलू द्या. आग झामसिंगची आहे. हा आमचा म्हातारा गोंड राखणदार. उन्हाळाभर जंगलात आग लागू नये म्हणून नजर ठेवणं हेच त्याचं काम. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून त्यानं आपल्या मोहाखालचा पाला जाळला. तसं इथं सगळेच जाळतात. पण दुपारी वारा उठला, आग जाळरेषा ओलांडून लागवडीत शिरली आणि तीन वर्षांची रोपं तासाभरात काळी झाली.

जाळरेषा तुम्ही पाहिली आहे. लागवडीभोवतीच्या तीस फुटी पट्ट्यातलं गवत आम्ही थंडीत, दव असताना स्वतःच जाळून ठेवतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या आगीला पुढं खायला काही मिळत नाही. ही रेषा मी ९ फेब्रुवारीला जाळली, तशी डायरीत नोंद आहे. माझी बाजू पक्की आहे.

येत्या बुधवारी साहेब येतात. त्यांना झामसिंगचं नाव लिहून देणार. त्याचं काम जाईल, खटलाही होईल, माझा इलाज नाही. तो भांडत नाही. एवढंच म्हणाला का पाला माझा, आगही माझी, पण ती रेषेवर मरायला पाहिजे होती. आणि माझ्याकडे पाहत राहिला. अशा माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

तुम्ही यात पडू नका. वहिनींस नमस्कार. धाकट्यावर मर्जी असावी.

आपला,
शालीकराम

आमगाव, ता. ४ एप्रिल १९५४

चि. शालीकरामास आशीर्वाद.

पडू नको म्हणालास, म्हणून पडलो. झामसिंगची बायको चमेली काल मोहफुलं घेऊन बाजारात आली होती. मी कोणाचा भाऊ हे तिला सांगितलं नाही. फुलांचा भाव करता करता जंगलाची गोष्ट काढली. ती म्हणाली, दरवर्षी जाळल्या रेषेवर होळीपर्यंत हिरवं गवत येते, त्यावर चितळं उतरतात, आणि चितळांमागं बिबट्या येते म्हणून नवरा तिला तिकडं एकटी जाऊ देत नाही. यंदा मात्र ती बेधडक गेली. कंबरेएवढं वाळलं गवत उभं होतं आणि एका खुराची खूण नव्हती.

आता तारखेचं पाहू. प्रेमिलाचं लग्न वसंतपंचमीचं, म्हणजे ८ फेब्रुवारीला. ९ ला सकाळी तू प्रेमिलाची पेटी गाडीवर बांधत होतास, दोर तुटला म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. माझ्या अंगणात उभं राहून तू सालेकशाची रेषा कशी जाळलीस ते कळव, मलाही शिकायचं आहे.

दुसऱ्या दिवशी तू जातो म्हणत होतास. गवताला काय पाय फुटतात, अजून चार दिवस राह्य, असं म्हणणारा मीच. तू पोचलास तेव्हा दव सरलं असेल, वारा सुटला असेल. आता पेटवली तर हाताबाहेर जाईल म्हणून भ्यालास, आणि नुसती नोंद करून ठेवलीस. चुकत असेन तर तोंडावर सांग.

मी माझ्या माणसांवर संशय घेतला, त्यांची माफी मागून आलो. तुझं तू बघ. नोकरी गेली तर माझ्याकडे पानाच्या फळीवर पुडे मोजायचं काम आहे. पण झामसिंगचं नाव लिहून माझ्या दारात आलास, तर वहिनीकडे पाणी मागू नको.

दुलीचंद

सालेकसा, ता. २१ जानेवारी १९५५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

नऊ महिने लिहायला हात धजला नाही. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं, आणि सोमवारीच मी झामसिंगचा अंगठा कबुलीवर घेतला होता. बुधवारी साहेबांपुढं तो कागद ठेवला, शेजारी माझी डायरी उघडून ठेवली आणि नोंद खोटी आहे म्हणालो. तुमचा अंदाज कुठंच चुकला नव्हता. हे आधी काऊन नाही सांगितलंस, असं साहेबांनी विचारलं.

चार महिने घरी बसवलं, मग याच नाक्यावर परत घेतलं. बढतीचं नाव आता काढायचं नाही. झामसिंगवर खटला झाला नाही, ताकीद मिळाली. पण तो कामावर येईना. घरी गेलो तर अंगणातच उभं ठेवून म्हणाला, येतो, पण रेषा जाळायचा दिवस मी ठरवीन, मशाल माझ्या हाती राहील, आणि नाकेदारानं मागं चालावं. मी कबूल झालो.

काल रेषा जाळली. पानांवर दव होतं. त्यानं वाऱ्याच्या उलट पेटवली, आग घोट्याएवढीच राहून हळूहळू सरकत गेली. मी मागून ओली फांदी घेऊन कडेचे निखारे झोडपत होतो. तो दर पन्नास पावलांवर थांबून मागं वळून बघायचा, मी आहे ना म्हणून.

वहिनींस नमस्कार. आपण बोलावलंत तर पानाच्या मोसमाआधी एकदा येईन.

आपला,
शालीकराम