पंख्याखालची खुर्ची

बाबा,

मे महिन्यात मी एका खताच्या दुकानात मालकाला पंखा बंद करायला सांगितलं. ही गोष्ट जशी घडली तशी तुमच्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. ऑफिसात तशी सांगितली तर म्हणतील, बरं मग? आईला सांगितली तर ती नुसती माझ्याकडे बघत राहील आणि रात्री जेवणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भीती वाटली की मी अजून तुमच्याकडेच वळते, आणि सध्या मला फार भीती वाटते. दात घासताना वाटते, स्कूटरला चावी लावताना वाटते. अनोळखी नंबरावरून फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत मी हात लावत नाही. साहेबांचा आला तर पहिल्याच रिंगला उचलते.

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्याच कृषी खात्यात नुकतीच लागले होते, मानधनावर. आता कायम झाले आहे, तुमच्याच कामावर आहे. दुकानांतून खताचे नि बियाण्यांचे नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, माल खोटा निघाला तर विक्री थांबवायची आणि खटल्याचे कागद पाठवायचे. मधल्या काळात आमच्या हुद्द्यांची नावं बदलली, त्याचे पेढेही वाटले, पगार मात्र होता तिथेच राहिला. तुम्हाला आठवतं, मी शाळेत असताना विचारलं होतं की पगार कशावर ठरतो? तुम्ही म्हणाला होतात, शिक्षण, हुद्दा आणि किती वर्षं घासली त्यावर. मी विचारलं, आणि दुकानदार अंगावर धावून आला तर त्याचे किती? तुम्ही हसलात. त्याचे अजूनही काही मिळत नाहीत, बाबा. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याची नि माझी श्रेणी एकच. प्रवासभत्ता ठरलेला, तो महिना संपायच्या आत पेट्रोलपंपावर संपतो. नागावच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पर्यटकांना पाण्यातल्या स्कूटरवर फिरवणारा पोरगा सीझनमध्ये माझ्यापेक्षा जास्त कमावतो, आणि त्याला कुणी धमकीही देत नाही. आम्ही संघटनेतर्फे निवेदनं देतो, काळ्या फिती लावतो, आणि फिती काढून पुन्हा नमुने घ्यायला जातो.

पण पगार कमी म्हणून मी घाबरलेली नाही. जो आहे तो कसा अडवता येतो, हे मी आपल्या स्वयंपाकघरात पाहिलंय, म्हणून घाबरते. तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. आई सुपात सुकट घेऊन निवडते आहे, मी पाटावर बसून गणितं सोडवते आहे, आणि तुम्ही चपला न काढता दारातच उभे आहात. एरवी तुम्ही चपला घालून उंबऱ्यावर पाऊल टाकलेलं आई खपवून घेत नसे, त्या दिवशी तिचं लक्षच गेलं नाही.

"नमुना परत आला," तुम्ही म्हणता. "शिक्का पुसट हाय म्हनून."

"मंग?"

"मंग काय. माझा निष्काळजीपना धरला. एक वेतनवाढ जाईल."

"जाईल म्हंजे? परत कवा मिळंल?"

"ती परत येत न्हाय."

निवडून झालेली सुकट आईने पुन्हा सुपात ओतली आणि पुन्हा निवडायला लागली. मला तेव्हा वाटलं, एकच तर वाढ. वेतनवाढ म्हणजे एकावर एक रचत जाणाऱ्या विटा आहेत, खालची एक काढली की वरचं सगळंच तेवढं खाली येतं, हे मला नोकरीत आल्यावर कळलं. ती वाढ तुमच्या पुढच्या प्रत्येक पगारात नव्हती, मग पेन्शनमध्ये नव्हती, आणि आता तुमच्यामागे आईला जी मिळते तिच्यातही नाही. आणि आपला पगार काही आपल्या एकट्या घराचा नव्हता. वस्तीतला तो पहिला सरकारी पगार. पौर्णिमेला विहारात वर्गणीची पहिली पावती तुमच्या नावाने फाटायची. कुणाच्या पोरीचं ॲडमिशन, कुणाचं बाळंतपण, सगळी माणसं आपल्याच ओट्यावर येऊन बसायची. त्या वर्षी तुम्ही त्यांना काय सांगितलंत, मी कधी विचारलं नाही.

शिक्का पुसट का आला, हे तुम्ही मला सांगितलंत ते थेट माझी नोकरीची ऑर्डर आली तेव्हा. आपण मागच्या पडवीत बसलो होतो, आणि तुम्ही तेलाचा रिकामा डबा कात्रीने कापत होतात. नमुन्याचे तीन भाग करायचे, तीन पिशव्या भरायच्या, दोऱ्याच्या गाठीवर वितळलेली लाख सोडायची आणि ती मऊ असतानाच पितळी शिक्का दाबायचा. एक पिशवी प्रयोगशाळेला, एक दुकानदाराला, एक आपल्याकडे. अक्षरं वाचता आली नाहीत तर प्रयोगशाळा पिशवी उघडतसुद्धा नाही. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवणारच होते. तुम्ही सांगितलंत ते मात्र तिथे कुणी शिकवलं नसतं.

ज्या दुकानाच्या पायरीखाली माझे आजोबा उभे राहायचे, ज्यांच्या हातावर सुटे पैसे वरून टाकले जायचे, त्याच दुकानात तुम्ही निरीक्षक म्हणून गेलात. शेठने स्वतः खुर्ची आणली, रुमालाने पुसली, पंख्याखाली ठेवली. साहेब, उकाडा किती आहे, बसा. आणि पंखा फुल्ल केला. मेणबत्ती विझत होती, लाख गाठीवर पडता पडता थिजत होती, तुम्हाला दिसत होतं. फक्त म्हणायचं होतं, पंखा बंद करा. "तेवढंच तोंडातून निघालं न्हाय," तुम्ही म्हणालात. "त्या घरानं आपल्याला पहिल्यांदा वारा घातला होता." शेठने मुद्दाम केलं की खरंच मानाने, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, तोच काटा तुम्हाला जास्त सलायचा.

मग तुम्ही डब्याचा पत्रा वाकवून माझ्या हातात दिलात. तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडा, मेणबत्तीला आडोसा. कडा दुमडलेल्या, हात कापू नये म्हणून. नोकरी लागल्याबद्दल लोक पेन देतात, घड्याळ देतात, आणि माझ्या बाबांनी मला पत्र्याचा तुकडा दिला म्हणून मी मैत्रिणींत चेष्टा केली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "पंखा बंद करायला सांगायचं. आपन तिथं पाव्हने न्हाय."

आता मे महिन्याचं सांगते. खाडीकाठची एक म्हातारी काचेचा ग्लास पदराखाली झाकून ऑफिसात आली. ग्लासात पाणी, तळाला करडे दाणे. "मॅडम, दोन दिस झालं, ह्ये खत इरघळतच न्हाय. दाने हाईत तसं हाईत. भाताला घालू का घराला लिंपू?" सगळे हसले. मीही हसले आणि लगेच थांबले, कारण तिने ज्या दुकानाचं नाव घेतलं ते तालुक्यातलं सगळ्यात मोठं. मालकाची ऊठबस वरच्या लोकांत. मांडव्याला बोटीतून उतरणारे पुढारी आधी त्याच्या बंगल्यावर चहा घेतात आणि मग पुढे जातात.

मी गेले. त्याने खुर्ची दिली, पंखा लावला. मी पंखा बंद करायला सांगितलं, पंखा थांबला. पत्र्याच्या आडोशात मेणबत्ती सरळ जळली आणि तिन्ही शिक्के असे उठले की अक्षरं बोटालाही लागावीत. घामाने माझी पाठ चिंब झाली होती. बाहेर पडल्यावर स्कूटर सुरू करता येईना, तेव्हा लक्षात आलं की चावीऐवजी शिक्काच हातात धरलाय.

जून लागता लागता प्रयोगशाळेचा अहवाल आला. खत म्हणून विकत होते ती बहुतेक मातीच. मी विक्रीबंदीचा आदेश दिला आणि त्या दिवसापासून झोप उडाली. आधी एका दुपारी दाराशी करंडी आली. ओले नारळ, वर सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी, आणणारा कोण ते शेजारी कुणी पाहिलं नाही. लहानपणी मी एका दुकानातून कंपनीची फुकट टोपी घालून आले होते, ते आठवलं. तुम्ही मला भर उन्हात परत पाठवलं होतंत आणि म्हणाला होतात, परत द्यायची ती चार माणसांसमोर दे. मी करंडी स्कूटरवर पायांशी ठेवली, नागावातून, शनिवारच्या गर्दीतून, पर्यटकांच्या गाड्या चुकवत दुकानापर्यंत नेली आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवली. मालक शांतपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही कुठं काय पाठवलं? तुमचंच काहीतरी असंल." त्या शांतपणाची मला अजून धास्ती आहे.

आठवड्याने तक्रार आली. मी म्हणे पैसे मागितले. साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब वाईट नाहीत, बाबा, त्यांची निवृत्ती जवळ आलीये एवढंच. "तुमची वरच्या श्रेणीची फाइल याच महिन्यात जातेय," ते म्हणाले. "इतकी वर्षं थांबलात. चौकशी लागली की ती फाइल लिफाफ्यात बंद, आणि मग कधी उघडेल ते माझ्या हातात नाही. खटल्याचा प्रस्ताव महिनाभर राहू दे. तक्रारही तशीच पडून राहील. कळतंय ना मी काय म्हणतो?"

कळत होतं. महिन्याभरात लावण्या उरकतील, ती माती दुसऱ्या कुठल्या नावाने शेतात पडेल, आणि माझी श्रेणी मला मिळेल. घराचा हप्ता त्या श्रेणीच्या भरवशावर काढलाय. लेकीची पनवेलच्या कॉलेजची फी त्यावरच. मी लागले तोवर जुनी पेन्शन बंद झाली होती, नव्यातलं मला नीट कळत नाही, म्हणजे म्हातारपणी तुमच्याएवढाही आधार असेल की नाही देव जाणे. आणि नुसता पगार जाईल एवढंच नाही. चौकशी म्हणजे वस्तीत बोलणं होणार. तुमच्या पोरीने पैसे खाल्ले, असं विहाराच्या पायरीवर कुणीतरी हळू आवाजात म्हणणार, आणि आईच्या कानावर जाणार. मी रोज कल्पना करते की ती सूप हातात घेऊन बसली आहे आणि निवडलेलंच पुन्हा निवडते आहे.

आज दुपारी मी प्रस्ताव दिला. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि शिपायाला मला पाणी द्यायला सांगितलं. संध्याकाळी चौकशीची नोटीस मेलवर आली. म्हणजे ती आधीच तयार होती. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, मम्मी, तू डेअरिंगबाज आहेस. ऑफिसातल्या पोरीही तेच म्हणतात. पंख्याची गोष्ट मीच त्यांना रंगवून सांगितलीये, कडक आवाजात कसं सांगितलं ते.

तुम्हाला खरं सांगते. माझ्या तोंडातूनही ते निघालं नाही. मी म्हणाले, पण इतकं हळू की मालकाने "काय म्हणालात?" असं विचारलं. पुन्हा म्हणायला गेले तर नुसते ओठ हलले. मग मी खुर्चीवरून उठले, भिंतीपर्यंत गेले आणि स्वतःच बटण दाबलं. आधी चुकून दिव्याचंच दाबलं गेलं. तुम्ही का उठला नाहीत, असं माझ्या मनात कित्येक वर्षं होतं, बाबा. त्या दिवशी परत येऊन बसताना खुर्चीकडे पाहिलं. प्लास्टिकची साधी खुर्ची होती, आणि मला ती कुणीही, कुठेही देतं. मी तिच्यावरून उठू शकले, कारण ती माझी पहिली नव्हती.